मिसळलेला माल: हिऱ्यांची मक्तेदारी आणि पुसला गेलेला उगम

हिऱ्यांच्या मक्तेदारीचा विषय निघाला की बोलणं हमखास जाहिरातीकडे वळतं. १९४७ साली फ्रान्सेस गेरेटी यांनी एन. डब्ल्यू. एयर या जाहिरात संस्थेत डी बिअर्स या हिरे कंपनीसाठी 'हिरा चिरंतन आहे' या अर्थाची ओळ लिहिली आणि साखरपुड्याच्या अंगठीत हिरा हवाच असं जगाला वाटायला लागलं, ही हकिगत बहुतेकांनी ऐकलेली असते. पण जाहिरातीने मागणी उभी केली. पुरवठा मुठीत ठेवला तो लंडनमधल्या वर्गवारीच्या टेबलांनी, जिथे अनेक देशांतल्या खाणींचा माल एकत्र ओतून पुन्हा नव्याने वेगळा केला जायचा. हिऱ्याच्या धंद्यातल्या नीती-अनीतीची चर्चा या मिसळण्यापासून सुरू व्हायला हवी असं माझं ठाम मत आहे. मक्तेदारीची ताकद तिथे होती, आणि आज हातातला खडा कुठल्या जमिनीतून आला हे सांगता येत नाही याचं मूळही तिथेच आहे.

आधी मक्तेदारी का झाली ते पाहू. धान्य खाल्लं जातं, कोळसा जळतो, हिरा मात्र संपत नाही. आजवर पैलू पाडलेला बहुतेक माल कुणाच्या ना कुणाच्या पेटीत पडून आहे. भाव पडतोय अशी शंका आली आणि त्यातला थोडा जरी बाजारात परतला तरी नव्या मालाला गिऱ्हाईक उरत नाही. दक्षिण आफ्रिकेत किम्बर्लीला १८७१ नंतर हे फार लवकर कळलं. तिथे सुरुवातीला साधारण ३१ फूट लांब-रुंद अशा शेकडो लहान पट्ट्यांवर स्वतंत्र मालक खणत होते. खोली वाढली तशा भिंती ढासळायला लागल्या, पाणी साचलं, पंप आणि दोरखंडांचा खर्च एकट्याच्या आवाक्याबाहेर गेला, आणि पट्ट्या विकत घेऊन एकत्र करणं अपरिहार्य झालं. खाण उद्योजक सेसिल ऱ्होड्सने १८८८ मध्ये डी बिअर्स कन्सॉलिडेटेड स्थापन केली आणि पुढच्याच वर्षी प्रतिस्पर्धी किम्बर्ली सेंट्रलची मालमत्ता ५३,३८,६५० पौंडांच्या एका धनादेशाने घेतली.

या एकत्रीकरणाची किंमत कामगारांनी मोजली. १८८२ च्या हिरे व्यापार कायद्याने कच्चा हिरा ज्याच्याकडे सापडेल त्यानेच तो कायदेशीर असल्याचं सिद्ध करायचं, असा उलटा नियम आणला. १८८५ पासून कृष्णवर्णीय खाणकामगारांना बंदिस्त आवारात ठेवायला सुरुवात झाली. करार संपेपर्यंत बाहेर पडायचं नाही, कपडे उतरवून झडती, आणि सुटण्याआधी काही दिवस एकांतात कोंडून ठेवायचं, कारण गिळलेला हिरा पोटातून बाहेर यायला हवा. चोरी रोखण्याच्या नावाखाली उभी राहिलेली ही पद्धत पुढे दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णभेदी कामगारव्यवस्थेचा नमुना ठरली. 'रक्तरंजित हिरे' हा शब्द १९९० च्या दशकातला असला तरी गोष्ट त्याआधी शंभर वर्षांची आहे.

अर्नेस्ट ओपनहायमर १९२९ मध्ये डी बिअर्सचे अध्यक्ष झाले आणि लगेच जागतिक मंदी आली. १९३२ मध्ये कंपनीने स्वतःच्या खाणी बंद केल्या. त्याच दशकात एकच विक्रीमार्ग पक्का झाला: उत्पादकांनी ठरलेल्या वाट्याने माल लंडनमधल्या एका मध्यवर्ती विक्रीसंस्थेला द्यायचा, तिने तो साठवायचा आणि बाजार पेलेल तेवढाच सोडायचा. १९५५ मध्ये सायबेरियातल्या याकुतियात मीर खाण सापडल्यावर काही वर्षांतच सोव्हिएत मालही याच वाटेने लंडनला यायला लागला. वर्णभेदी राजवटीशी जाहीर वैर असलेलं सरकार आणि त्या राजवटीतली सर्वात मोठी कंपनी यांचा हा व्यवहार चालू राहिला, कारण भाव टिकणं दोघांच्याही फायद्याचं होतं. १९८० च्या दशकात जगातल्या कच्च्या हिऱ्यांपैकी मूल्याने ऐंशी टक्क्यांहून अधिक माल या एका दारातून जात होता.

आता टेबलावर काय घडायचं ते पाहू.

खाणीतून आलेला माल आम्लात उकळून स्वच्छ केला जातो. मग आधी आकारमान पाहतात: बारीक माल चाळण्यांतून गाळतात, मोठा तोलतात, आणि १०.८ कॅरटच्या वरचे खडे 'स्पेशल्स' म्हणून बाजूला काढून स्वतंत्र विकतात. त्यानंतर घडण (अष्टफलक सरळ आहे की जुळा, तुटका, चपटा), मग आतले डाग आणि चिरा, मग रंग. असे सगळे निकष जोडले की सुमारे १२,००० भाववर्ग तयार होतात. एका वर्गात बोट्स्वानाचा, नामिबियाचा आणि रशियाचा खडा शेजारी शेजारी बसायचा. मग या वर्गांमधून पेट्या भरल्या जातात. पेटीवर वजन, वर्ग आणि किंमत असते, खाणीचं नाव नसतं.

वर्षातून दहा वेळा 'साइट', म्हणजे निवडक खरेदीदारांसाठीची विक्री, भरायची. ज्यांना आमंत्रण असेल ते साइटहोल्डर. आपल्याला कुठला माल हवा ते दलालामार्फत आधी कळवायचं, आणि मिळेल ती पेटी त्या दिवशी उघडून पाहायची. किमतीची घासाघीस नाही. पेटीतले चांगले खडे घ्यायचे आणि नको ते परत द्यायचे, हेही चालत नाही: घेतली तर पूर्ण, नाकारली तर पूर्ण. पैसे आधी, माल नंतर. एक पेटी नाकारली म्हणून लगेच नाव कापलं जात नसे, पण पुढच्या पेट्या हलक्या येऊ शकत, आणि आमंत्रण का बंद झालं याचं उत्तर देण्याची कुणाला गरज नव्हती. पेटी हातात आल्यावर तिला हातही न लावता वर काही टक्के 'प्रीमियम' घेऊन विकणं हा स्वतंत्र धंदा झाला. ज्याच्याकडे साइट नाही तो कारखानदार याच दुय्यम बाजारातून माल घेतो.

या रचनेत खाणमालकही बांधला जायचा आणि कारखानदारही. खाणमालकाला आपला माल सुटा विकला तर किती मिळालं असतं हे कळायला मार्ग नव्हता, कारण तो सुटा कधी विकलाच जात नसे. कारखानदाराला कच्च्या मालाची किंमत वरून ठरून येते आणि तयार मालाचा भाव पुढचा बाजार ठरवतो. मधे त्याच्या हातात उरते फक्त मजुरी. सुरतेत जगातले बहुसंख्य हिरे घडतात आणि तिथला कारागीर नगावर मजुरी घेतो. भाव पडला की आधी त्याची घंटी, म्हणजे हिरा घासायचं चाक, थांबते. २००८ च्या मंदीत हजारो कारागीर असेच गावाकडे परतले. मक्तेदारीचा भार ग्राहकावर पडतो असं अर्थशास्त्राची पुस्तकं सांगतात. हिऱ्यात तो तेवढाच, किंबहुना अधिक, घंटीवर बसलेल्या माणसावर पडतो.

शिस्त मोडणाऱ्याचं काय व्हायचं याची दोन उदाहरणं सांगतो. १९७० च्या दशकाच्या शेवटी इस्रायलमध्ये महागाई प्रचंड होती आणि हिऱ्यांवर कर्ज स्वस्तात मिळत होतं, त्यामुळे व्यापारी पेट्या न कापता बचत म्हणून साठवायला लागले. म्हणजे साठ्याची किल्ली लंडनच्या हातून निसटत होती. १९७८ मध्ये विक्रीसंस्थेने पेट्यांवर ४० टक्के अधिभार लावला, साठेबाजांची आमंत्रणं बंद केली, आणि फुगलेला भाव मोडून काढला. दुसरं उदाहरण झैरेचं, म्हणजे आजच्या काँगो लोकशाही प्रजासत्ताकाचं. १९८१ मध्ये झैरेने करार मोडून आपला माल, जो बहुतांश औद्योगिक दर्जाचा होता, स्वतंत्र व्यापाऱ्यांना विकायला घेतला. त्याच दर्जाचा माल बाजारात भरपूर आला, भाव कोसळला, आणि १९८३ मध्ये झैरे परत त्याच दारात उभा राहिला. बाकीच्या उत्पादक देशांना वेगळ्या ताकिदीची गरज उरली नाही.

कायद्याने यात फार उशिरा आणि फार थोडं केलं. अमेरिकेने १९४५ मध्ये दावा लावला, तो १९४८ मध्ये अधिकारक्षेत्राच्या मुद्द्यावर फेटाळला गेला, कारण कंपनी अमेरिकेत थेट धंदाच करत नव्हती. औद्योगिक हिऱ्यांच्या भावनिश्चितीच्या १९९४ च्या खटल्यात डी बिअर्सने २००४ मध्ये गुन्हा कबूल करून एक कोटी डॉलर दंड भरला. ग्राहकांच्या सामूहिक दाव्यात २९.५ कोटी डॉलरची तडजोड झाली. युरोपीय आयोगाने २००६ मध्ये डी बिअर्सकडून, रशियाच्या अलरोसा या खाणकंपनीकडून होणारी खरेदी टप्प्याटप्प्याने कमी करत २००९ पासून थांबवण्याची हमी घेतली. पण तोवर एकच दार असलेली भिंत आतूनच पडली होती. ऑस्ट्रेलियाची आर्गाइल खाण १९९६ मध्ये बाहेर पडली, रशियाचा माल परस्पर विकला जात होता, कॅनडात १९९८ मध्ये एकाटी खाण सुरू झाली. त्या वर्षाच्या शेवटी डी बिअर्सचा साठा सुमारे ४.८ अब्ज डॉलरचा होता. हा पैसा नुसता तिजोरीत पडून होता.

इथे मक्तेदारी आणि रक्तपात यांची गाठ बसते, आणि ती नीट समजून घ्यायला हवी. भाव सांभाळायचा तर नियंत्रणाबाहेरचा मालही उचलावा लागतो, नाहीतर तोच भाव पाडतो. म्हणून अँगोलाचा खुल्या बाजारातला माल विकत घेण्यासाठी खरेदी कचेऱ्या चालवल्या जात. १९९० च्या दशकात कुआंगो खोऱ्यातल्या खाणी सरकारशी लढणाऱ्या युनिटा बंडखोरांच्या ताब्यात होत्या. बंडखोर विकत होते, बाजार घेत होता, आणि भाव पडू नये म्हणून शेवटी घेणारा एक मोठा हात कायम तयार होता. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने जून १९९८ मध्ये ठराव ११७३ ने अँगोला सरकारच्या प्रमाणपत्राशिवायच्या मालावर बंदी घातली. त्याच डिसेंबरात ग्लोबल विटनेस या स्वयंसेवी संस्थेने या व्यापाराचा अहवाल प्रसिद्ध केला. सिएरा लिओनच्या मालासाठी असाच ठराव १३०६ जुलै २००० मध्ये आला. डी बिअर्सने ऑक्टोबर १९९९ मध्ये बाहेरची अँगोलन खरेदी थांबवली आणि २००० साली साठा राखून भाव सांभाळण्याचं धोरणच सोडलं. बदनामीची भीती खरी होती यात शंका नाही. पण बाहेरचा माल उचलत राहण्याचा खर्चही आता परवडत नव्हता, आणि 'आमच्या पेट्यांत संघर्षाचा माल नाही' हे वाक्य विक्रीला उपयोगी होतं, हेही तितकंच खरं.

१ जानेवारी २००३ पासून किम्बर्ली प्रक्रिया, म्हणजे संघर्षाचा माल रोखण्यासाठी कच्च्या हिऱ्यांना प्रमाणपत्र देण्याची आंतरराष्ट्रीय व्यवस्था, लागू झाली. ती कशी चालते ते बारकाईने पाहिलं की तिच्या फटी आपोआप दिसतात. कच्चा हिरा सीमा ओलांडताना छेडछाड करता न येणाऱ्या पेटीत हवा आणि सोबत सरकारी प्रमाणपत्र हवं. त्यावर क्रमांक, देण्याची आणि मुदतीची तारीख, निर्यातदार व आयातदार, कॅरटमधलं वजन, डॉलरमधली किंमत, किती पाकिटं, आणि तीन सीमाशुल्क संकेतांकांपैकी कुठला ते लिहायचं असतं. आयात करणाऱ्या देशाने पोच कळवायची आणि मूळ कागद किमान तीन वर्षं जपायचा. सदस्य देशांनी सदस्य नसलेल्यांशी व्यापार करायचा नाही. कागदावर हे भक्कम आहे, आणि त्यातून झालेला मोठा फायदा मी नाकारत नाही: उत्पादन आणि निर्यातीचे आकडे देशवार प्रसिद्ध व्हायला लागले. काँगो प्रजासत्ताकाला आपली निर्यात कुठल्या खाणींतून येते ते सांगता आलं नाही म्हणून २००४ मध्ये बाहेर काढण्यात आलं. हे आकड्यांमुळेच शक्य झालं.

पण मूळ देश फक्त न मिसळलेल्या मालाच्या प्रमाणपत्रावर लिहावा लागतो. माल एकदा व्यापारकेंद्रात आला, चार देशांची पाकिटं फोडून वर्गवारी झाली, की पुढच्या निर्यातीच्या प्रमाणपत्रावर 'मिश्र उगम' एवढंच येतं. हे नियमांत बसतं. म्हणजे लंडनच्या टेबलावरची पद्धतच या प्रमाणपत्राने मान्य करून टाकली. किमतीचा खेळही इथेच होतो: उत्पादक देशातून कमी किंमत दाखवून माल काढायचा, करसवलतीच्या केंद्रात मिसळायचा, आणि तिथून खऱ्या किमतीला पुढे पाठवायचा. नफा मधल्या केंद्रात राहतो, खाणीच्या देशाला स्वामित्वशुल्क कमी मिळतं, आणि माल मिसळलेला असल्यामुळे आधीच्या व नंतरच्या किमतीची तुलना करता येत नाही.

व्याख्येची अडचण वेगळी आहे. वैध सरकार उलथवण्यासाठी बंडखोर वापरतात तेच 'संघर्षाचे हिरे'. झिम्बाब्वेत मारांगे इथे २००८ च्या अखेरीस लष्करी कारवाईत दोनशेहून अधिक खाणकामगार मारले गेल्याचं ह्यूमन राइट्स वॉचने नोंदवलं, पण गोळ्या सरकारच्या होत्या. काही काळ निर्यात थांबवली गेली आणि २०११ मध्ये मोकळीक मिळाली. निर्णय सर्वसहमतीने होतात, त्यामुळे एक देश अडून बसला तरी व्याख्या बदलत नाही. ही प्रक्रिया उभी करण्यात पुढाकार घेणाऱ्या ग्लोबल विटनेसने त्याच वर्षी डिसेंबरात बाहेर पडणं पसंत केलं. माझ्या मते तो निर्णय बरोबर होता.

शिवाय प्रमाणपत्र कच्च्या मालावरच संपतं. पैलू पाडलेल्या मालासाठी उद्योगाचीच हमीची पद्धत आहे. प्रत्येक विक्रेत्याने बिलावर लिहायचं की हा माल वैध स्रोतांतून घेतला आहे आणि संघर्षाशी संबंधित नाही, माझ्या माहितीप्रमाणे आणि मला मिळालेल्या लेखी हमीप्रमाणे. प्रत्येक जण मागच्याच्या वाक्यावर आपलं वाक्य ठेवतो. २०२१ पासून यात मानवी हक्क, कामगार हक्क आणि काळ्या पैशाविरोधी तत्त्वंही आली, पण साखळी विश्वासाचीच राहिली. कारखान्यात वजनाचा ताळाही बसत नाही, कारण कच्च्या खड्याचं निम्म्याहून अधिक वजन अनेकदा झडून जातं. समजा १०,००० कॅरट कच्च्या मालातून ३८ टक्के उतारा मिळाला आणि वहीत ४२ टक्के दाखवला, तर ४०० कॅरट बेहिशेबी तयार माल त्या लॉटमध्ये सहज बसतो, आणि शंका यावी असा आकडा कुणाला दिसतही नाही.

रशियन मालावरच्या निर्बंधांनी ही फट पहिल्यांदा मोठ्या देशांच्या डोळ्यांत आणली. ज्या देशात पैलू पडले तोच हिऱ्याचा देश, असा सीमाशुल्काचा जुना नियम होता. त्यामुळे सायबेरियाचा खडा सुरतेत घडला की भारतीय ठरायचा. जी-७ देशांनी १ मार्च २०२४ पासून एक कॅरट आणि त्यावरच्या, आणि १ सप्टेंबर २०२४ पासून अर्ध्या कॅरटपासूनच्या रशियन खड्यांवर, तिसऱ्या देशात घडलेल्या असल्या तरी, बंदी घातली. अर्ध्या कॅरटची मर्यादा का? कारण त्याखाली माग ठेवणं व्यवहारात बसत नाही. १.३ मिलिमीटरचा खडा साधारण एक सेंटचा असतो, म्हणजे एका कॅरटमध्ये शंभर. प्रत्येकाचं स्कॅनिंग त्याच्या किमतीत परवडत नाही.

प्रयोगशाळेत वाढवलेल्या हिऱ्यांबद्दल थोडक्यात. खाणीचे प्रश्न त्यात नाहीत, पण वीज कुठली वापरली हा प्रश्न आहे, आणि कारागिराची मजुरी तिथेही तशीच नगावर आहे. डी बिअर्सने २०१८ मध्ये लाइटबॉक्स नावाने ते सरसकट ८०० डॉलर कॅरटने विकायला काढले. खाणीतल्या मालापासून त्यांना कायमचं वेगळ्या पायरीवर बसवणं हा त्यामागचा डाव होता. बाजारभाव त्याहूनही खाली गेला आणि २०२५ मध्ये तो व्यवसाय बंद करण्याचं जाहीर झालं. पुरवठा हातात नसेल तर भाव ठरवता येत नाही.

खरेदी करणाऱ्यासाठी उपयोगाच्या काही गोष्टी. नेहमीच्या प्रतवारीच्या अहवालात वजन, रंग, स्वच्छता आणि घडण असते, उगम नसतो. तयार हिरा तपासून देश खात्रीने सांगणारी चाचणी आज उपलब्ध नाही. उगम कळतो तो एकाच प्रकारे: कच्चा खडा आधी स्कॅन केलेला असेल आणि तयार खडा त्याच स्कॅनशी जुळवलेला असेल. म्हणून दुकानात 'हा संघर्षमुक्त आहे का' असं विचारू नये, त्याचं उत्तर नेहमी होच येतं. 'कच्च्या अवस्थेतली नोंद आहे का, आणि ती या खड्याच्या कडेवर कोरलेल्या क्रमांकाशी जुळते का' असं विचारावं. मधल्या मोठ्या खड्याची नोंद असेल आणि भोवतीच्या बारीक खड्यांची नसेल तर विक्रेत्याने तसं स्पष्ट सांगावं, ही अपेक्षा रास्त आहे.

मक्तेदारीचा एक हिशेब मात्र वेगळा मांडावा लागतो, तो बोट्स्वानाचा. १९६६ मध्ये स्वतंत्र झालेल्या, अत्यंत गरीब देशात पुढच्याच वर्षी ओरापा इथे हिरे सापडले. डेब्सवाना या तिथल्या खाणकंपनीत सरकारची निम्मी भागीदारी आहे, आणि कर, स्वामित्वशुल्क व लाभांश मिळून नफ्याचा सुमारे ऐंशी टक्के वाटा सरकारकडे जातो. लंडनने भाव टिकवला म्हणून शाळा, रस्ते आणि दवाखाने झाले, हे मान्य न करणं अन्यायाचं होईल. पण त्याच देशाने पुढे विक्री आपल्या राजधानीत, गाबोरोनेला, आणायला लावली (२०१३) आणि फेब्रुवारी २०२५ च्या करारात आपल्या सरकारी ओकावांगो कंपनीचा डेब्सवानाच्या मालातला वाटा ३० टक्क्यांपासून सुरू करून टप्प्याटप्प्याने ५० पर्यंत नेण्याचं ठरवून घेतलं. हा माल मुख्यतः लिलावाने विकला जातो आणि तो फक्त बोट्स्वानाचा असतो.

एकाच देशाचा लॉट घेणाऱ्या कारखान्याला तो शेवटपर्यंत वेगळा ठेवायचा असेल तर काय लागतं, ते सांगून थांबतो. प्रत्येक पाकिटाला बारकोड, लेसरने कापल्यावर प्रत्येक तुकड्याला पोटक्रमांक, आम्लात उकळताना वेगळं भांडं, आणि शेवटी रंग-स्वच्छतेची वर्गवारी करताना इतर लॉटमध्ये न ओतणं. अडचण या शेवटच्या पायरीवर येते. गिऱ्हाईक एकाच रंगाचे, एकाच मापाचे पाचशे खडे मागतं, आणि एका लॉटमधून तेवढे जुळत नाहीत. मग जुळेपर्यंत माल अडकवून ठेवायचा आणि त्यावरचं व्याज सोसायचं, किंवा मिसळायचं. आज हे व्याज कारखानदार एकटा सोसतो. गिऱ्हाईक त्याचा वाटा उचलायला लागलं तर माल वेगळा राहील.